चौथा बुधला

पाणी बंद होणार असल्याची पाटी मी गावात सर्वांत शेवटी वाचली, कारण पाट्या वाचायचं काम आर्गिरिसचं होतं. तो वाचायचा आणि मी शिव्या घालायचो, अशी आमची उभ्या आयुष्याची वाटणी. आता तो अ‍ॅडलेडला, आणि दोन्ही कामं माझ्याच गळ्यात.

पाटी फोतिनीच्या दुकानाच्या दारावर होती. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या सोमवारपासून जुने पाइप काढून नवे घालणार, दोन आठवडे घरोघरचं पाणी बंद, पिण्यापुरतं टँकरने मिळेल. बाकीच्यांना त्याचं काही वाटलं नाही. आमच्या गावात पाऊस आला तर लोक तो बघायला बाहेर येऊन उभे राहतात. त्यांनी अंघोळी पुढे ढकलल्या, बियरचे खोके उचलले आणि विषय संपवला. माझा मात्र जीव टांगणीला लागला, कारण माझ्या घरात समुद्र होता.

समुद्र माझा नव्हे, आर्गिरिसचा. मी डोंगरातला क्रोएशियन माणूस, मला पाण्यात पाय घालायचीही हौस नाही. तो ग्रीक बेटावरचा. त्याचा बाप समुद्रात बुड्या मारून स्पंज काढायचा आणि त्या बुड्यांनीच पुढे लुळा झाला. त्या रागात आर्गिरिस समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं लांब आला, तो इथे, वाळवंटात ओपलची रत्नं खणायला. आला, माझा भागीदार झाला, आणि म्हातारपणी माझ्याच घरात राहायला येऊन काय केलं? समुद्र काचेच्या टाकीत घालून घरात आणला. खारं पाणी, दगड, एक समुद्रफूल आणि त्यात राहणारं माशांचं जोडपं, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. मादी थोराड आणि भांडकुदळ, तिचं नाव बाईसाहेब. नर तिच्या मागे मागे, त्याचं नाव नवरोबा.

आमची घरं टेकडीच्या पोटात कोरलेली. बाहेर भट्टी पेटलेली असली तरी आत थंड, त्यामुळे माशांना बरं. पण हवा इतकी कोरडी की टाकीतलं पाणी रोज खाली जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. जेवढं उडालं तेवढं अगदी शुद्ध पाणी रोज वरून घालावं लागतं, नाहीतर खारटपणा चढतो आणि मासे जातात. नळाचं चालत नाही, त्यात क्लोरीन. टँकरचंही नाही, त्यात तर क्लोरीनच जास्त. आर्गिरिसने मोरीत एक फिल्टर बसवला होता. नळाच्या जोराने त्यातून पाणी दाबलं जायचं आणि बारीक नळीतून थेंब थेंब शुद्ध पाणी यायचं. नळ बंद म्हणजे फिल्टर बंद. तेव्हा त्या सोमवारच्या आत दोन आठवड्यांचं पाणी साठवायचं, आणि प्रश्न एवढाच की कशात.

हे सगळं मी का करत होतो, तेही सांगून टाकतो. आर्गिरिसची मूत्रपिंडं गेली. लेक इरिनी त्याला अ‍ॅडलेडला घेऊन गेली आणि तिथे आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त यंत्रातून धुवून काढतात. निघताना तो म्हणाला होता, ‘थोडे दिवस सांभाळ, द्राक्षं पिकली की येतो.’ दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा. मी कसा आहे हे तो विचारायचा नाही, तो कसा आहे हे मी विचारायचो नाही. आम्ही माशांबद्दल बोलायचो. मासे गेले तर तो रविवारी कशाबद्दल बोलणार, आणि कशासाठी परत येणार? मला तो परत हवा होता. दुसरं काही नको होतं.

मी फोतिनीला म्हटलं, ‘तुझी ऑलिव्हची रिकामी पिंपं दे.’

फोतिनी आमच्यापेक्षा वीस-एक वर्षांनी लहान, पण बोलायला आमची आजी. तिने मागच्या अंगणातली निळी पिंपं दाखवली. ‘घे. पण कितीही घासलंस तरी ऑलिव्ह जात नाही. मी नवऱ्याचे शर्ट एकदा यात भिजवले होते, तो रस्त्याने चालला की लोकांना भूक लागायची.’

‘मी नीट घासतो.’

‘तू स्वतःला तरी नीट घासतोस का? बघ बाबा.’

मी एक पिंप सोडा लावून घासलं, उन्हात वाळवलं, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी पाण्यावर तेलाचा पातळ तवंग आणि व्हिनेगरचा वास. मी पिंप तसंच परत नेऊन ठेवलं. फोतिनीने नुसती भुवई उडवली. ते जास्त लागलं.

‘तुझ्याकडे ते ढेरपोटे बुधले आहेत की,’ ती म्हणाली. ‘काचेचे. काचेला कशाचा वास लागत नाही.’

‘ते वाइनचे आहेत.’

‘आणि वाइन कुठे आहे?’

‘होईल.’

ती उगाच वजनकाटा पुसायला लागली.

बुधल्यांबद्दल बोलायचं तर ते चार होते. माणसाच्या कमरेएवढे उंच, अरुंद गळ्याचे, वेताच्या टोपलीत बसवलेले. दर वर्षी मार्चमध्ये आम्ही दोघं माझी गाडी घेऊन नदीकाठच्या मळ्यांत जायचो, मागे द्राक्षांच्या पाट्या रचून यायचो आणि माझ्या घरात ती पायांनी तुडवायचो. टेकडीच्या पोटातल्या थंडाव्यात वाइन छान मुरते. त्याचं म्हणणं माझे पाय घाण म्हणून वाइन बरी होते, माझं म्हणणं त्याचे घाण म्हणून बिघडते. वर्षभर तीच पुरवून पुरवून प्यायचो. तो गेला तेव्हापासून बुधले आतल्या खोलीत, तोंडाला कापड बांधून. एकट्याने वाइन घालायची नाही असं मी ठरवलं नव्हतं, पण घातली नव्हती.

तेव्हा बुधले सोडून मी सुरुंगाच्या डब्यांकडे वळलो. सुरुंगासाठी लागणारं दाणेदार नायट्रेट आम्ही ज्यांत ठेवायचो ते जाड पांढरे झाकणाचे डबे गावात घरोघरी आहेत. कुणी त्यात कुत्र्याचं खाणं ठेवतं, कुणी पीठ, चर्चमध्ये मेणबत्त्या ठेवतात. घट्ट बसणारं झाकण, न फुटणारं प्लास्टिक, वास नाही, काही नाही. मी दोन डबे इतके धुतले की शेजारच्या कुत्र्यालाही संशय आला. पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच राहू दिलं. आर्गिरिसची शिस्तच तशी होती, नव्या भांड्यातलं पाणी तपासल्याशिवाय टाकीत घालायचं नाही. मग त्याच्या पेटीतल्या काचेच्या नळीत ते पाणी घेतलं आणि वर औषधाचे थेंब टाकले. पाणी बिनरंगी राहायला हवं, नायट्रेट असलं की लाल होतं. ते लालभडक झालं.

रविवारी फोनवर मी हे सांगितलं तर पलीकडे तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

‘सुरुंगाच्या डब्यात? उडवायचेत का माझे मासे? अरे गाढवा, आयुष्यभर सुरुंग लावलेस, अजून डोक्यातून जात नाही तुझ्या.’

‘सात पाण्यांनी धुतला होता.’

‘सत्तर पाण्यांनी धू. प्लास्टिकने पिऊन ठेवलेलं असतं. आणि शुद्ध पाणी भुकेलं असतं, तिहोमीर. त्याच्यात स्वतःचं काहीच नसतं ना, म्हणून ज्यात ठेवशील त्याचं ते चाटून घेतं. पितळेच्या तोटीतून जरी काढलंस तरी तांबं ओढून आणतं.’

‘मोठा आला शास्त्रज्ञ.’

‘इथे माझ्यासाठीही तसंच पाणी करतात. यंत्राला लागतं. नर्सने सगळं समजावून सांगितलं. मी तिला म्हटलं, पोरी, हे मला माहीत आहे, माझ्या घरी दोघं हेच पितात. मीही आता त्यातलाच. ठरलेल्या दिवशी पाणी बदलायचं, मग पुन्हा पट्टे चमकायला लागतात.’

मी विचारलं, ‘मग कशात भरू?’

‘नवे डबे. खाण्याच्या पदार्थांचे, पांढरे, कधीच काही न भरलेले. इथे मिळतात. मी शुक्रवारच्या बसने घेऊन येतो.’

‘तू?’

‘मग कोण, राणी? मीच. द्राक्षं पिकलीच आहेत. दोन दिवस राहतो, यंत्राच्या दिवसाआधी परत फिरतो. बाईसाहेबांना सांग.’

मी बाईसाहेबांना सांगितलं. खरंच सांगितलं, टाकीपुढे खुर्ची ओढून. घरात कुणाशी बोलायचं म्हटलं तर त्या दोघांशिवाय कोण होतं? बाईसाहेबांनी काचेवर येऊन माझ्या बोटाला टोचायचा प्रयत्न केला, म्हणजे बातमी पोचली.

तो आठवडा माझ्या पायांना भिंगरी लागली होती. मी त्याच्या खोलीतली धूळ काढली, जी आमच्याकडे कधीच पूर्ण निघत नाही. चादरी धुतल्या. घेवड्याचं सूप करून ठेवलं, कमी मिठाचं, कारण त्याला आता मीठ चालत नाही. मळ्याच्या मालकाला फोन करून दोनच पाट्या द्राक्षं बाजूला ठेवायला सांगितली. तो म्हणाला, ‘दोनच? तुम्ही तर गाडी भरून नेता.’ मी म्हटलं, ‘यंदा पाहुण्यासारखा येतोय तो.’ बुधल्यांची कापडं सोडून आत डोकावलो. तीन स्वच्छ कोरडे होते. चौथ्याच्या तळाशी दोन पेले भरतील इतकी वाइन राहिली होती, गेल्या मोसमातली. तो आजारी पडला तेव्हा आम्ही तीच काढत होतो, आणि तेवढी तशीच राहून गेली होती. मी कापड परत बांधलं.

शुक्रवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून बसची वाट बघत पेट्रोल पंपापाशी उभा राहिलो. फोतिनी दुकानाच्या दारातून ओरडली, ‘लग्न आहे का रे कुणाचं?’ मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. बस आली. दोन जर्मन पोरं उतरली, एक नर्स उतरली, कुणाची तरी सायकल उतरली. मग दार बंद व्हायला लागलं.

मी ड्रायव्हरला थांबवलं. ‘अजून एक आहे. म्हातारा. पांढरे डबे आहेत त्याच्याकडे.’

ड्रायव्हर ओळखीचा होता. तो खाली उतरला, आणि तो उतरला तेव्हाच मला कळलं.

‘आला होता तो स्टँडवर,’ तो म्हणाला. ‘पोरगी होती बरोबर. डबे दोरीने बांधलेले. एक पाय पायरीवर ठेवला आणि तसाच उभा राहिला. मी म्हटलं, काका, सावकाश, घाई नाही. तर पाय खाली घेतला.’

‘आणि डबे?’

‘मी म्हटलं, डबे तरी द्या, पोचवतो. तर म्हणाला, डबे माझ्याबरोबर येतील. परत घेऊन गेला.’

मला इतका राग आला की पहिल्यांदा दुःख झालंच नाही. माशांना काय याचा हट्ट पाजू? मी घरी येऊन त्याला फोन लावणार होतो, आकडे फिरवायला सुरुवातही केली आणि ठेवून दिला. येणं जमलं नाही तर त्याने सांगायचं, मी का विचारायचं? सूप मी उभ्या उभ्या पातेल्यातूनच प्यायलो. कमी मिठाचं सूप म्हणजे कोमट पाणीच, आणि ते मी सगळं संपवलं. मळेवाल्याला फोन करून सांगितलं की द्राक्षं दुसऱ्या कुणाला दे. तो म्हणाला, ‘पाहुणा आला नाही का?’ मी म्हटलं, ‘गर्दी होती बसला.’

शनिवारी सकाळी टाकीतलं पाणी बोटभर खाली गेलेलं, शुक्रवारच्या रागात मी वरून घालायला विसरलो होतो. समुद्रफुलाचं वरचं टोक हवेला लागायला आलं होतं आणि नवरोबा त्याच्या आड लपून बसला होता. फिल्टर हळू चालतो. सोमवारच्या आत दोन आठवड्यांचं पाणी हवं तर तेव्हाच सुरुवात करायला हवी होती. डबे नाहीत, पिंपं नाहीत, गावात एकही नवं भांडं नाही. घरात काच होती.

मी पहिला बुधला ओढत टाकीशेजारी आणला. भरल्यावर तो दोन माणसांनाही हलत नाही, म्हणून आधीच जागेवर ठेवावा लागतो. आम्ही दोघं असताना त्यावरून किती भांडायचो, तिकडे नको इकडे, इकडे नको तिकडे. आता मी म्हणेन तिकडे. खळबळून धुतला, नळी लांबवून आत सोडली. थेंब पडायला लागले. थोड्या वेळाने काचेच्या तळाशी पाणी जमलेलं दिसायला लागलं आणि मला पहिल्यांदा रडू आलं. वाइन असती तर गडद दिसली असती. पाणी इतकं स्वच्छ होतं की बुधला रिकामाच वाटत होता.

पहिला भरला, दुसरा भरला, रविवारी दुपारी तिसरा भरत आला. पाणी तपासलं, बिनरंगी राहिलं. काच कशालाच धरून ठेवत नाही, फोतिनीचं बरोबर होतं. चौथा मी आतल्या खोलीतून बाहेर आणलाच नव्हता. तिन्ही पुरतील की नाही याचा हिशेब मी मुद्दाम करत नव्हतो. पण आतून माहीत होतं की गरमीचे दिवस आहेत, पुरणार नाहीत.

फोन वाजला. मी तो बराच वाजू दिला.

‘बोल,’ मी म्हटलं.

‘मासे कसे आहेत?’

‘आहेत.’

‘पाणी?’

‘भरतोय.’

‘कशात?’

त्याच्या मागे इरिनी भांडी घासत असावी, तसला आवाज येत होता.

‘बुधल्यांत,’ मी म्हटलं.

मागचा भांड्यांचा आवाज थांबला.

‘डबे का नाही पाठवलेस?’ मी विचारलं. ‘तू नसतास आलास तर नसतास आलास. डब्यांनी काय घोडं मारलं होतं?’

‘डबे एकटे पाठवले असते,’ तो हळू बोलला, ‘तर मी येणार नाही हे मलाच कळलं असतं. म्हटलं, पुढच्या बसने. मग घरी आलो, डबे जिन्याखाली ठेवले, आणि बघतच बसलो त्यांच्याकडे. इरिनी म्हणाली, बाबा, त्यात मी तांदूळ ठेवू का?’

‘मग?’

‘मग काय. तांदूळ आहेत आता त्यात.’

मी भिंतीला टेकून खाली बसलो. आमच्या घरांच्या भिंती खडकाच्याच, त्या पाठीला थंड लागतात.

‘पायरीवर पाय ठेवला तेव्हा ठीक होतं रे,’ तो म्हणाला. ‘मग वाटलं, वाटेत काही झालं तर तिथे ते यंत्र नाही. तिकडे तुझ्याकडे तर नाहीच नाही. तू काय करणार, माझ्या रक्ताला सोडा लावून घासणार? मी भ्यालो, तिहोमीर. मी येत नाही आता. पुढच्या वर्षीही नाही.’

त्याला इतकं सरळ बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सुरुंग अर्धवट उडून खाणीचं छत कोसळलं होतं तेव्हाही तो विनोद करत होता.

‘मला माहीत होतं,’ मी म्हटलं. खोटं होतं ते. मला माहीत असतं तर मी चादरी धुतल्या नसत्या.

‘चारही भरलेस ना?’ त्याने विचारलं.

‘तीन.’

‘चौथा?’

‘त्याच्या तळाशी थोडी वाइन आहे. आपली, शेवटची.’

‘तिनात होणार नाही तुझं. दुसऱ्या आठवड्यात बाईसाहेब उघड्या पडतील.’

‘बघू.’

‘बघू नको. जा, घेऊन ये तो.’

‘आर्गिरिस, राहू दे.’

‘घेऊन ये म्हणतो ना. फोन ठेवू नकोस, मी थांबतो.’

मी चौथा बुधला ओढत आणला. टोपली जमिनीवर घासल्याचा आवाज त्याला ऐकू गेला असणार, कारण मी फोन उचलल्यावर तो म्हणाला, ‘डावीकडे ठेव. दाराजवळ नको.’ मी डावीकडे ठेवला. बुधला वाकवून वाइन पेल्यांत ओतली, सवयीने दोन पेल्यांत. रंग विटकरी झाला होता.

‘आंबली आहे,’ मी म्हटलं. ‘वासावरूनच कळतंय.’

‘पी.’

मी एक पेला प्यायलो. डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं आंबटपणाचं होतं असं काही मी म्हणणार नाही.

‘कशी आहे?’

‘तुझ्या पायांची चव आहे.’

तो हसला. मग म्हणाला, ‘आता दुसरा. माझ्या वाटचा तूच पी. मला परवानगी नाही.’

दुसरा प्यायला मला जास्त वेळ लागला. त्याने घाई केली नाही. मग मी बुधला धुतला, पुन्हा धुतला, आत नाक घालून हुंगला, पुन्हा धुतला. काचेत काही राहिलं नाही. तिसऱ्यातून नळी काढून चौथ्यात सोडली आणि फोनची तार ताणून रिसीव्हर बुधल्याच्या तोंडाशी धरला. रिकाम्या काचेत थेंब पडला की खोल आवाज येतो, विहिरीत पडल्यासारखा. असे बरेच थेंब पडले.

मी रिसीव्हर कानाला लावला. ‘ऐकू आलं?’

‘आलं,’ तो म्हणाला. ‘अजून थोडं ऐकू दे.’

मी रिसीव्हर परत बुधल्याच्या तोंडाशी धरला आणि हात अवघडला तेव्हा दुसऱ्या हातात घेतला.